पाट, पाटदाम आणि १८५६ चा कायदा : एका प्रबंधाच्या निमित्तानें

समाजकार्याच्या उच्च परीक्षेसाठीं लिहिलेला एक प्रबंध कांहीं दिवसांपूर्वीं आमच्याकडे अभिप्रायार्थ आला. विषय देशावरील कांहीं गांवांतील विधवांच्या जमीनहक्कांचा आहे. प्रबंध अद्याप छापलेला नाहीं, म्हणून कर्त्याचें व संस्थेचें नांव येथें देत नाहीं. परंतु त्यांतील गुणदोष एकट्या कर्त्याचे नाहींत. सरकारी व कायदेविषयक साधनें कशीं शोधावींत आणि हातीं आल्यावर कशीं वाचावींत, याविषयीं या शाखेच्या अभ्यासकांत जी सर्वसाधारण समजूत दिसते, तिचा हा एक चांगला नमुना आहे. म्हणून थोड्या विस्तारानें लिहितों.

प्रथम गुण सांगतों. कर्त्यानें वृद्ध स्त्रियांच्या तोंडून जी माहिती मिळविली आहे ती फार मोलाची आहे. बोलणाऱ्या बाईचे शब्द बदलले नाहींत. ‘पाट लावला’ याच्या जागीं ‘पुनर्विवाह केला’ असें सभ्य भाषांतर घुसडलें नाहीं. प्रत्येक टिपणावर दिवस व ठिकाण लिहिलें आहे. राजवाड्यांच्या पिढीनें कागद ज्या निष्ठेनें उतरून घेतले त्याच निष्ठेनें हीं बोलणीं उतरलीं आहेत. दोष सुरू होतो तो दुसऱ्या प्रकरणापासून, जेथें कर्ता माणसें सोडून कायद्याकडे वळतो.

त्या प्रकरणाचें पहिलेंच विधान असें कीं, १८५६ पूर्वीं हिंदु विधवेस पुन्हा लग्न करण्याची मुभा नव्हती व ती त्या वर्षाच्या पंधराव्या कायद्यानें मिळाली. आधार म्हणून एका पाठ्यपुस्तकाचा उल्लेख आहे. कायदा स्वतः सात कलमांचा आहे, तो अर्ध्या तासांत वाचून होतो, आणि त्याच्या प्रस्तावनेंतच हें विधान खोडलेलें आहे. कंपनीच्या दिवाणी अदालतींत चालणाऱ्या कायद्याप्रमाणें, कांहीं अपवाद सोडून, हिंदु विधवा दुसऱ्या वैध विवाहास अपात्र समजल्या जातात, अशा आशयाचें तें वाक्य आहे. त्यांतले ‘कांहीं अपवाद’ कोणते, हा प्रश्न महाराष्ट्रांतल्या अभ्यासकास पडावयासच हवा होता. कारण येथें अपवाद हाच बहुसंख्य समाजाचा नियम होता. कुणबी, माळी, धनगर, महार इत्यादि जातींत पाट किंवा मोहतूर ही रूढ गोष्ट होती. प्रबंधांतल्या ज्या बायांनीं आपल्या आजीच्या पाटाची हकीकत सांगितली त्या याच जातींतल्या आहेत. म्हणजे कर्त्याच्या तिसऱ्या प्रकरणानें त्याच्याच दुसऱ्या प्रकरणास खोटें पाडलें आहे, आणि तें त्याच्या लक्षांत आलेलें नाहीं.

या अपवादाचा पुरावा शोधावयास दूर जाणें नको. पेशवाईच्या हिशेबी कागदांत पाटदाम नांवाची बाब येते. पाट लावण्याबद्दल सरकारांत भरावयाची ही पट्टी. मोल्सवर्थच्या कोशांतहि तो शब्द आहे. सरकार ज्या गोष्टीवर पट्टी घेतें ती गोष्ट सरकारास अमान्य होती असें कोणी म्हणूं शकणार नाहीं. पुढें इंग्रजी अमलाच्या आरंभीं एल्फिन्स्टनच्या राजवटींत दक्षिणेंतील जातींच्या चालीरीतींची चौकशी झाली व तिच्यावरून आर्थर स्टील यानें तयार केलेला ग्रंथ १८२७ सालीं सरकारी हुकुमानें छापला गेला. त्याच वर्षाच्या मुंबई इलाख्यांतील चवथ्या रेग्युलेशनच्या २६ व्या कलमानें न्यायाधिशास सांगितलें कीं, पार्लमेंटचा कायदा किंवा सरकारी रेग्युलेशन नसेल तेथें त्या मुलखाची वहिवाट पाहावी, तीहि नसेल तर प्रतिवादीचा धर्मशास्त्रीय कायदा, आणि शेवटीं न्याय व सद्सद्विवेक. या क्रमांत वहिवाट शास्त्राच्या आधीं आहे. बंगाल्यांत व मुंबई इलाख्यांत हा भेद होता, आणि कलकत्त्यास झालेला कायदा येथें कसा लागू पडला हें समजून घेण्यास तो भेद ध्यानांत ठेवणें अवश्य आहे.

येथें एका साधनाविषयीं सावध राहावें. मुंबई गॅझेटियरच्या जिल्हावार खंडांत, उदाहरणार्थ १८८५ च्या पुणें खंडांत, प्रत्येक जातीच्या वर्णनाअखेर विधवांस पुनर्विवाहाची मुभा आहे किंवा नाहीं असें एक ठराविक वाक्य असतें. प्रबंधांत तीं वाक्यें जशींच्या तशीं कोष्टकांत भरलीं आहेत. तीं वाक्यें चौकशीच्या ठराविक नमुन्यांतून आलीं आहेत, माहिती देणारा पुष्कळदां कचेरींतला कारकून होता, आणि एका जातींतील श्रीमंत व गरीब घराण्यांच्या चालींतला फरक त्यांत बुडून गेला आहे. गॅझेटियर हें वाट दाखविणारें साधन आहे; त्यास साक्षीदार करूं नये.

आतां कायद्याच्या उगमाकडे. कोणताहि कायदा शेवटच्या छापील रूपावरून पुरता कळत नाहीं. विधेयक कोणीं मांडलें, त्याचीं कारणें काय सांगितलीं, अर्ज कोणाचे आले, समितीनें काय बदललें, सभेंत कोण काय बोललें, हें पाहावें लागतें. प्रस्तुत विधेयक जे. पी. ग्रांट यानें नोव्हेंबर १८५५ मध्यें कलकत्त्यास विधिमंडळांत मांडलें. ईश्वरचंद्र विद्यासागर व इतरांचा अर्ज त्यापूर्वींच सादर झाला होता. विरोधी अर्जांवर त्याच्या कितीतरी पटीनें अधिक सह्या होत्या. जुलै १८५६ मध्यें कायदा झाला. त्या मंडळाचें कामकाज छापलेलें आहे, आणि इंग्रज अमदानींतील मध्यवर्ती सरकारच्या कागदांसाठीं दिल्लीचें राष्ट्रीय अभिलेखागार आहे. मुंबई सरकारच्या न्यायखात्याचे खंड एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतींतील पुराभिलेखागारांत पाहावयाचे. त्यांची सूची वर्ष व खातें यांप्रमाणें लावलेली असते. विषयाचें नांव घेऊन गेलेला मनुष्य रिकाम्या हातानें परत येतो. ज्या काळीं ‘समाजकार्य’ हें खातेंच नव्हतें त्या काळचा समाजकार्याचा कागद न्याय, महसूल, शिक्षण किंवा तुरुंग या सदराखालींच सांपडावयाचा. एवढी एक गोष्ट कोणीं आरंभींच सांगितली असती तर या कर्त्याचे, त्यानेंच प्रास्ताविकांत लिहिल्याप्रमाणें, तीन महिने वांचले असते.

कायद्याच्या पोटांत शिरल्यावर खरी गोम दुसऱ्या कलमांत आहे. मृत पतीच्या मिळकतींत कोणत्याहि विधवेस पोटगी, वारसा किंवा मृत्युपत्र यांमुळें जो हक्क असेल, तो तिनें पुनर्विवाह करतांच, ती जणूं मृत झाली असें समजून, संपावा असें तें कलम सांगतें; मृत्युपत्रानें पुनर्विवाहाची स्पष्ट परवानगी दिली असेल तेवढा अपवाद. ज्या जातींत पुनर्विवाह मुळीं नव्हता तेथें हा सौदा समजण्याजोगा होता : विवाह घे, मिळकत सोड. पण जिला पाट लावण्यास या कायद्याची गरजच नव्हती तिचें काय? अलाहाबादच्या हायकोर्टानें १८८९ सालीं हरसरनदास विरुद्ध नंदी या दाव्यांत असा निर्णय दिला कीं, जातिरूढीनें जिला पूर्वींपासून पुनर्विवाहाची मोकळीक होती तिला हें कलम लागत नाहीं. कलकत्त्याच्या पूर्णपीठानें १८९१ सालीं मातंगिनी गुप्ता हिच्या दाव्यांत विधवेच्या विरुद्ध कौल दिला. आणि मुंबईच्या पूर्णपीठानें १८९६ सालीं विठू विरुद्ध गोविंदा या दाव्यांत ठरविलें कीं, दुसऱ्या कलमाची व्याप्ति पूर्वीं पुनर्विवाह करूं न शकणाऱ्या विधवांपुरती मर्यादित नाहीं. हा निकाल इंडियन लॉ रिपोर्टांच्या मुंबई मालेच्या २२ व्या खंडांत ३२१ व्या पृष्ठापासून आहे. म्हणजे सुधारणेचा म्हणून गाजलेला कायदा महाराष्ट्रांतील कुणबिणीस नवें कांहीं न देतां तिच्याकडून मात्र घेऊं शकत होता. लूसी कॅरोल यांनीं १९८३ सालीं हा विरोधाभास सविस्तर मांडला. प्रबंधाच्या ग्रंथसूचींत तो लेख नाहीं.

येथें उतावीळपणें उलट टोकास जाऊं नये. रूढीनेंहि पाट लावलेल्या बाईचा पहिल्या घरच्या मिळकतीशीं संबंध सुटत असे असें अनेक ठिकाणीं आढळतें. तेथें कायद्यानें नवें नुकसान केलें असें म्हणतां येणार नाहीं. कोणत्या जातींत, कोणत्या गांवीं, कोणती रूढि, हें प्रत्येक वेळीं सिद्ध करावें लागेल. शिवाय छापील निकाल हे दाव्यांच्या समुद्रांतील चार थेंब. खालच्या कोर्टांतील मिसली मुदतीनंतर नष्ट करण्याची व्यवस्था आहे. १९१७ च्या कायद्यानें तसा अधिकारच दिला. छापील निकालांवरून गांवगाड्यांतल्या प्रघाताचें अनुमान बांधणारानें ही गळती हिशेबांत धरली पाहिजे.

आणि यासाठींच आमचा मुख्य आक्षेप तिसऱ्याच साधनाविषयीं आहे. कर्त्यानें प्रत्येक जमिनीचा सातबारा मिळविला आहे. सातबारा आजची स्थिति सांगतो. ती कशी झाली हें सांगत नाहीं. तें सांगतो फेरफार, म्हणजे गांव नमुना सहा. सातबाऱ्यावर कंसांत किंवा वर्तुळांत जो आंकडा असतो तो फेरफाराचाच क्रमांक. हक्कनोंदीची पद्धत मुंबई इलाख्यांत १९०३ च्या कायद्यानें सुरू झाली, तेव्हांपासून कोणाचें नांव केव्हां चढलें व कोणत्या कारणानें कमी झालें याची साखळी बहुतेक गांवीं मागें नेतां येते. बाईचें नांव तिनें पाट लावला म्हणून गेलें, कीं ‘संमतीनें’ गेलें, कीं भावकीच्या नुसत्या वर्दीवरून गेलें, हें त्या चार ओळींत असतें. तलाठ्याची नोंद मालकी उत्पन्न करीत नाहीं, हें खरें. पण प्रघात काय होता याचा तिच्याइतका जवळचा साक्षी दुसरा नाहीं. वृद्ध बायांच्या टिपणांशेजारीं हे फेरफार लावले असते तर हा प्रबंध संग्रहीं ठेवण्यासारखा झाला असता. काम अद्याप होऊं शकतें.

येथवरचे दोष विद्वत्तेचे म्हणून सोडून देतां आले असते. परंतु प्रबंधाच्या शेवटीं गांवोगांव वाटण्यासाठीं कार्यकर्त्यांचें एक सूचनापत्रक जोडलें आहे. त्यांतील चौथी सूचना अशी कीं, विधवेनें पुन्हा लग्न केल्यास पहिल्या नवऱ्याच्या जमिनींतला तिचा हक्क जातो, हें तिला आधीं समजावून सांगावें. आधार : १८५६ चा कायदा, कलम दोन. हा कायदा १९८३ सालीं रद्द झाला. त्याच्याहि आधीं, १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें विधवा ही पहिल्या वर्गांतील वारस झाली व चौदाव्या कलमानें तिची मिळकत पूर्ण मालकीची झाली. पतीच्या मृत्यूबरोबर तिला मिळालेला वांटा पुढें लग्न केल्यानें जात नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २००८ सालींहि स्पष्ट केलें आहे. त्याच कायद्याच्या चोविसाव्या कलमांतील बंधन मुलाच्या, नातवाच्या व भावाच्या विधवेपुरतें होतें, आणि तेंहि २००५ च्या दुरुस्तीनें काढून टाकलें. कर्त्यानें हीं सर्व वर्षें एका तळटीपेंत दिलीं आहेत, हें विशेष. फक्त ‘रद्द’ या शब्दाचा परिणाम पत्रकापर्यंत पोंचला नाहीं.

जी बाई हें पत्रक ऐकेल ती रिपोर्टांचे खंड उघडणार नाहीं. ती एक तर लग्नाचा विचार सोडील, नाहीं तर तलाठ्यासमोर हक्कसोडीवर आंगठा करील, आणि भावकी तिला म्हणेल कीं आमच्याच बाजूचें सरकारी पत्रक आहे. पत्रक छापखान्यांत गेलें आहे असें कळतें. प्रबंधाची दुरुस्ती सवडीनें व्हावी. पत्रकाचा खिळा मात्र आजच थांबवावा, आणि चौथी सूचना काढून तिच्या जागीं फेरफाराची नक्कल कशी मागावी हें लिहावें.