हवालदार ते पांडू हवालदार : दादा कोंडके यांच्या विनोदाची चिकित्सा

प्रस्तावना

मराठी रंगभूमीला आणि चित्रपटसृष्टीला विनोदी नटांची दीर्घ परंपरा लाभलेली आहे. ‘ब्रह्मचारी’ (१९३८) मधील दामूअण्णा मालवणकर, ‘लाखाची गोष्ट’ (१९५२) मधील राजा गोसावी, त्यांचे समकालीन शरद तळवलकर यांनी पडद्यावरील मराठी विनोदाला शहरी, मध्यमवर्गीय वळण दिले. या परंपरेच्या शेजारी उभी असलेली, परंतु तिच्याशी फारसे नाते न सांगणारी दुसरी परंपरा तमाशातील सोंगाड्याची होय. कृष्णा ऊर्फ दादा कोंडके (१९३२-१९९८) हे या दुसऱ्या परंपरेने चित्रपटाला दिलेले सर्वांत मोठे नाव आहे. त्यांच्या नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव साजरे केले व त्याची नोंद गिनीज बुकात झाली. मात्र समीक्षेने त्यांची दखल घेताना बहुधा दोनच भूमिका घेतल्या. एक, द्व्यर्थी संवादांवरून त्यांना अश्लील ठरविण्याची. आणि दुसरी, लोकप्रियतेच्या आधारे त्यांचे सरसकट समर्थन करण्याची. या दोन्ही भूमिकांत त्यांच्या विनोदाचे स्वरूप कसे बदलत गेले, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

जडणघडण

८ ऑगस्ट १९३२ रोजी जन्मलेल्या दादा कोंडके यांचे बालपण मुंबईतील नायगाव-लालबाग या गिरणगावात गेले. त्यांच्या कुटुंबाची मुळे भोर परिसरातील गावात होती. गाव आणि गिरणी या दोन जगांच्या सीमेवर वाढलेल्या या नटाला दोन्हीकडील बोलीची लय अवगत होती. बँडपथक, ‘अपना बाजार’मधील नोकरी आणि राष्ट्र सेवा दलाचे कलापथक या टप्प्यांतून ते रंगभूमीकडे आले. यांतील कलापथकाचा टप्पा विशेष महत्त्वाचा आहे. लोककलेच्या माध्यमातून सामाजिक व राजकीय आशय मांडण्याची रीत कलापथकांनी रूढ केली होती. त्यामुळे विनोद हा केवळ मनोरंजनाचा नव्हे, तर भाष्याचाही प्रकार आहे, हा संस्कार त्यांना प्रारंभीच मिळाला.

लोकनाट्यातील हवालदार

वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्याने १९६५ मध्ये दादा कोंडके यांना खरी ओळख दिली. त्याचे दीड हजारांहून अधिक प्रयोग झाले. कोतवालाची जागा रिकामी होते. ती आपल्याला मिळेल अशी हवालदाराची अपेक्षा असते. प्रत्यक्षात ती प्रधानाच्या मेहुण्याला मिळते. मग हवालदार आणि मैनावती मिळून या नव्या कोतवालाची फजिती करतात. वरकरणी हलक्याफुलक्या वाटणाऱ्या या कथानकाच्या मुळाशी वशिलेबाजीमुळे डावलल्या गेलेल्या कनिष्ठ नोकराचा राग आहे. स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत नोकरशाहीचा अनुभव घेतलेल्या प्रेक्षकाला तो राग ओळखीचा होता.

येथे दादा कोंडके यांच्या अभिनयाची दोन वैशिष्ट्ये लक्षात घ्यावी लागतात. पहिले, निरागसतेचा आव. हवालदार काही गैर बोललाच नाही अशा चेहऱ्याने बोलतो. अर्थ लावण्याची जबाबदारी प्रेक्षकावर सोपवितो. दुसरे, उत्स्फूर्तता. लोकनाट्याची संहिता सैल असते आणि ताज्या घडामोडींवरील टिप्पणीला तीत जागा असते. प्रेक्षकाच्या प्रतिसादानुसार वाक्य लांबविणे, तोडणे वा गिळणे हे नटाच्या हाती असते. द्व्यर्थी संवादाचे कार्यही याच चौकटीत समजून घ्यावे लागते. गण-गौळणीतील पेंद्या-मावशीच्या संवादांपासून सवाल-जवाबापर्यंत तमाशातील द्व्यर्थ नेहमी दोघांमध्ये घडतो. मैनावती हवालदाराच्या बोलण्याची केवळ विषय नसते. ती त्याला तोडीस तोड उत्तर देते. स्त्रीपात्राच्या हजरजबाबीपणामुळे या शृंगारिक विनोदाचा तोल सांभाळला जातो.

पडद्यावरील भाबडा नायक

भालजी पेंढारकर यांच्या ‘तांबडी माती’ (१९६९) द्वारे दादा कोंडके चित्रपटात आले. परंतु त्यांची पडद्यावरील प्रतिमा घडली ती ‘सोंगाड्या’ (१९७१) या चित्रपटाने. त्याची कथा सबनीसांचीच होती आणि दिग्दर्शन गोविंद कुलकर्णी यांचे. दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहातील त्याच्या प्रदर्शनावरून वाद झाला आणि शिवसेनेने त्यात हस्तक्षेप केला. मुंबईतील मराठी चित्रपटाच्या हक्काचा प्रश्न त्यामुळे पुढे आला व या नटाला भाषिक अस्मितेचे वलयही प्राप्त झाले.

‘सोंगाड्या’तील नाम्या मात्र लोकनाट्यातील हवालदारापेक्षा मुळातच वेगळा आहे. हवालदार भोळेपणाचे सोंग घेतो. नाम्या खरोखर भोळा आहे. ढगळ अर्धी विजार, लोंबणारी नाडी, रत्नमाला यांनी साकारलेल्या आईचा धाक आणि उषा चव्हाण यांच्या नायिकेपुढे उडणारी त्रेधा यांतून एक साचा तयार झाला. ‘एकटा जीव सदाशिव’ (१९७२) मध्ये या साच्याचा अर्थपूर्ण वापर झाला. खेड्यात वाढलेला नायक शहरी श्रीमंतीत येऊन पडतो आणि त्याच्या भाबडेपणामुळे तथाकथित सुसंस्कृतपणाचे हसे होते. गावाकडून गिरणीत आलेल्या प्रेक्षकाला यात स्वतःचा विजय दिसला असल्यास नवल नाही. तथापि विनोदाचा रोख येथे सत्तेकडून संस्कृतीकडे वळला, ही बाब नोंदवावी लागते.

‘पांडू हवालदार’ (१९७५) हा या दृष्टीने निर्णायक चित्रपट ठरतो. दिग्दर्शक म्हणून दादा कोंडके यांचा हा पहिला चित्रपट. दहा वर्षांनी ते पुन्हा हवालदाराच्या वेशात आले. मात्र लोकनाट्यातील हवालदार वरच्यांची लबाडी ओळखून त्यांना खेळवतो, तर पांडू सरळमार्गी आणि साधा आहे. लाचखोरीचा दोष अशोक सराफ यांच्या सखारामकडे, म्हणजे बरोबरीच्या हवालदाराकडे जातो. व्यवस्थेवरील टीका अशा रीतीने चांगला शिपाई आणि वाईट शिपाई यांच्यातील फरकावर येऊन थांबते. ‘पांडू’ हा शब्द बोलीभाषेत पोलीस शिपायाला कायमचा चिकटला, ही त्या व्यक्तिरेखेच्या लोकप्रियतेची खूण आहे. परंतु या शब्दात थट्टा होते ती सर्वांत खालच्या कर्मचाऱ्याची. लोकनाट्याने ज्याच्या तोंडी थट्टा दिली होती, तोच आता थट्टेचा विषय झाला.

द्व्यर्थाचे साचलेपण

‘राम राम गंगाराम’ (१९७७), ‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’ (१९७८) आणि ‘आली अंगावर’ (१९८२) या क्रमात द्व्यर्थ संवादातून शीर्षकात सरकत गेला. ‘अंधेरी रात में दिया तेरे हाथ में’ (१९८६) या हिंदी चित्रपटाच्या शीर्षकातही तीच युक्ती आहे. या बदलाची मीमांसा केवळ नैतिक अंगाने केल्यास ती अपुरी ठरते. यात माध्यमाचा भाग मोठा आहे. रंगमंचावर द्व्यर्थी वाक्य दर प्रयोगात नव्याने घडते. पडद्यावर ते एकदाच घडून गोठते. समोरच्या प्रेक्षकाचा अंदाज घेऊन वाक्य मागे घेण्याची सोय चित्रपटात उरत नाही. त्याचबरोबर कॅमेरा स्त्रीपात्राकडे पाहू लागला की तिचे उत्तर दुय्यम ठरते. मैनावतीची बरोबरी संपली आणि संवादाची जागा एकतर्फी शेऱ्याने घेतली. दादा कोंडके यांच्या उत्तरकालीन चित्रपटांतील खरी उणीव ही आहे. शृंगारिकतेला दोष देणारी समीक्षा या उणिवेपर्यंत पोहोचत नाही.

याच काळात प्रेक्षकवर्गाची घडीही बदलत होती. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगावाचे जीवन विस्कटले. दूरदर्शन आणि व्हिडिओ घराघरांत आले. ‘नवरी मिळे नवऱ्याला’ (१९८४), ‘धुमधडाका’ (१९८५) आणि ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) यांनी विनोदाचे केंद्र पुन्हा शहराकडे नेले. बदलाचा हा एकमेव खुलासा नव्हे. परंतु ज्या श्रोतृसमूहाच्या बोलीवर हा विनोद पोसला होता, तो समूहच विखुरत असताना नटाकडे साचा तेवढा उरला, असे म्हणता येते.

समारोप

१४ मार्च १९९८ रोजी दादा कोंडके यांचे निधन झाले. त्यांच्या कारकिर्दीचे मूल्यमापन अश्लील की निर्मळ या कसोटीवर करणे पुरेसे नाही. हा विनोद कोणाला उद्देशून आहे, त्यात उत्तर देण्याचा अधिकार कोणाला आहे आणि हसणारा प्रेक्षक कोणाच्या बाजूने उभा राहतो, हे प्रश्न अधिक उपयुक्त ठरतात. या कसोटीवर ‘विच्छा माझी पुरी करा’ हे त्यांच्या अभिनयाचे शिखर ठरते, ‘एकटा जीव सदाशिव’ ही त्याची समर्थ चित्रपटीय परिणती ठरते आणि उत्तरकालीन बरेचसे काम त्या सामर्थ्याचे अनुकरण ठरते. मात्र जो नट प्रयोगागणिक नवा होत होता, त्याच्या सर्वोत्तम कामाचा ठाव आज छापील संहितेतून पूर्णपणे लागत नाही आणि सहज उपलब्ध आहेत ते चित्रपटच. म्हणूनच केवळ पडद्यावरील पुराव्यावरून या सोंगाड्याविषयी अंतिम निकाल देणे त्याच्यावर आणि ज्या लोकपरंपरेने त्याला घडविले तिच्यावरही अन्याय करणारे ठरेल.