राग अन्नावर का निघतो?

‘अन्नावर राग काढू नये’ हे आपल्यापैकी बहुतेकांनी घरी ऐकलंय. नीट पाहिलं तर हे वाक्य अन्नाची बाजू घेतं. ताट तसंच राहायला नको, एवढंच. राग कशाचा आलाय, हे कोणी विचारत नाही.

लंडनच्या मनोविश्लेषक सूझी ऑर्बाख यांनी तेच विचारलं. १९८६ च्या ‘हंगर स्ट्राइक’ या पुस्तकात त्या अनोरेक्सियाची तुलना मताधिकारासाठी तुरुंगात उपोषण केलेल्या ब्रिटिश बायकांशी करतात. बोलायला जागा नाही, म्हणून शरीर निषेध करतं.

तुलना जोरदार आहे, पण मला ती पुरती पटत नाही. १९०९ मध्ये मॅरियन वॉलेस डनलॉप यांनी हॉलोवे तुरुंगात अन्न नाकारलं, तेव्हा मागणी उघड होती: राजकीय कैद्याचा दर्जा द्या. ९१ तासांनी त्यांना सोडलं. अनोरेक्सियात मागणी नसते, उलट लपवाछपवी असते. ‘मी बाहेर जेवून आलेय’, सैल कपडे, वगैरे. लपवून कसला निषेध? ऑर्बाख म्हणतात, आपण कशासाठी लढतोय हे तिलाच उमगलेलं नसतं. असेल. पण हे उत्तर कधी चूक ठरूच शकत नाही, आणि संशोधक म्हणून मला ते खटकतं.

त्याहून मोठा मुद्दा कार्यकारणाचा. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी पुरुषांवर प्रयोग केला. त्यात त्यांना साधारण सहा महिने अर्धपोटी ठेवलं. ही सगळी युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेली माणसं. तरी ती चिडचिडी झाली, एकमेकांवर खेकसू लागली, पाककृतींची पुस्तकं चाळत बसली. इथे आधी उपासमार होती, राग नंतर आला. त्यामुळे हाडं दिसणाऱ्या मुलीचा राग ऐकून ‘मूळ सापडलं’ म्हणणं घाईचं आहे. त्यातला भुकेचा वाटा किती, हे तिचं पोषण थोडं सुधारल्याशिवाय कळत नाही.

बिंज ईटिंगमध्ये क्रम जरा स्पष्ट दिसतो. खाण्याआधी मन बिघडलेलं असतं, राग असतो, एकटेपणा असतो, आणि खाणं ते थोडा वेळ बधिर करतं. आपला ‘राग गिळणे’ हा शब्दप्रयोग तिथे अक्षरशः लागू पडतो.

एवढं असूनही पुस्तक वाचाच. न जेवणाऱ्या बाईला ती नखरे करतेय असं न समजता, ती काहीतरी सांगतेय असं धरून ऐकणारी पुस्तकं तेव्हा फार नव्हती. फक्त रूममेट जेवण टाळतेय असं दिसलं, तर पुस्तक तिच्या हातात देऊ नका. ते तुम्ही वाचा, आणि तिच्यासोबत डॉक्टरकडे जा.