अकरा पानांचा करार

सिस्कोच्या नेटवर्क स्विचला ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग टीएफटीपी’ अशी आज्ञा दिली की पडद्यावर उद्गारचिन्हांची रांग लागते. एक चिन्ह म्हणजे दहा पॅकेट पोचली. मध्येच टिंब उमटलं तर समजायचं, उत्तराची वेळ टळली. या रांगेमागची टीएफटीपी ही फाइल पाठवण्याची संहिता मुळातून वाचावी अशी आहे. एमआयटीच्या कॅरन सॉलिन्स यांनी लिहिलेली, जुलै १९९२ मध्ये ‘आरएफसी १३५०’ म्हणून आलेली, पानं अवघी अकरा.

पात्रं पाचच: वाचायची विनंती, लिहायची विनंती, मजकूर, पोच आणि चूक. फाइलचे ५१२ बाइटचे तुकडे करायचे, एक पाठवायचा, त्याची पोच येईपर्यंत गप्प बसायचं, मग पुढचा. ‘संपलं’ असं सांगणारं पॅकेट मात्र कुठेच नाही. तुकडा ५१२ पेक्षा लहान आला की ओळखायचं. आणि फाइलला ५१२ ने नेमका भाग जात असेल तर? तर शेवटी एक रिकामा तुकडा पाठवायचा. माझ्या मते संहितेतली सर्वांत देखणी जागा हीच. शेवटची पोच देणाराही लगेच उठत नाही. ती वाटेत हरवलीच, तर पुन्हा देता यावी म्हणून थोडा रेंगाळतो.

त्याआधीच्या, १९८१ च्या आवृत्तीत एक गमतीदार खोट होती. एखादी पोच दोनदा आली की तुकडा दोनदा जाई, त्याच्या पोचा दोन, आणि तिथून उरलेली सगळी फाइल दुहेरी. गटेच्या कवितेतला जादूगाराचा शिकाऊ चेला झाडूला पाणी भरायला लावतो आणि थांबवायचा मंत्र विसरतो. या खोटीला त्याचंच नाव पडलं. १९९२ ची दुरुस्ती तेवढीच नेमकी: दुसऱ्यांदा आलेल्या पोचेवर हलायचं नाही.

प्रत्येक पोचेसाठी गप्प बसण्याची किंमत मात्र सातपुड्यात कळेल. समजा, चांदसैली घाटापलीकडे धडगावला एखादा स्विच उपग्रहाच्या लिंकवर आहे आणि नंदुरबारहून त्यात १० एमबीचं फर्मवेअर चढवायचं आहे. उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटरवर. तुकडा जाऊन पोच परतायला ०.६ सेकंद धरू. तुकडे २०,४८०. लिंक कितीही रुंद घ्या, जवळपास साडेतीन तास लागणारच. मार्च १९९५ मध्ये तुकडा मोठा करायची मुभा आली. १,४२८ बाइटचा घेतला तर काम सव्वा तासावर येतं.

दुसरी उणीव जास्त गंभीर. शहादा तालुक्यातल्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. ओळख पटवण्याच्या त्या प्रचंड खटाटोपाची सुरुवात याच नंदुरबार जिल्ह्यातली. टीएफटीपी मात्र नावही विचारत नाही, पासवर्डही नाही, आणि पासवर्ड साठवलेली कॉन्फिग उघड्यावरून नेतं. म्हणून रोजच्या बॅकअपला एसएसएचवरून कूटबद्ध प्रत नेणारं एससीपीच लावावं: स्विचला नाव आणि डोमेन द्यायचं, आरएसए किल्ली तयार करायची, एसएसएच सुरू करायचं, पुरेसे अधिकार असलेला वापरकर्ता नेमायचा आणि मग एससीपी सर्व्हर चालू करायचा.

तरीही ही अकरा पानं बाद होत नाहीत. मूळ सॉफ्टवेअर बिघडून उपकरण उठेनासं झालं की किल्ल्या आणि वापरकर्ते सांभाळणारी यंत्रणाही त्याच्याबरोबर गेलेली असते. उरतो रॉममधला बूटलोडर. तिथल्या इवल्याशा जागेत मावेल इतकं टीएफटीपी लहान आहे, आणि ते तसंच लिहिलं गेलं होतं.