तिरसा : गादी गेलेल्या राजधानीची उपमा

आज मी एकाच उपमेवर बोलणार आहे. जुन्या करारात ‘गीतरत्न’ नावाचं प्रेमकाव्य आहे. त्याच्या सहाव्या अध्यायात, चौथ्या वचनात, प्रियकर प्रेयसीच्या रूपाची तुलना आधी तिरसा नगराशी करतो, मग यरुशलेमशी आणि शेवटी निशाणं घेऊन निघालेल्या फौजेशी. यरुशलेम सगळ्यांना ठाऊक आहे. फौजही कळते. तिरसा कुठलं? आपल्या या नगर शहरात अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासून सुरू आहे, इथे पिढ्यान्‌पिढ्या मराठी बायबल वाचलं जातं. तरी या नावावर वाचणारा क्षणभर अडखळतो आणि पुढे जातो. तिथे थोडं थांबू या.

आधी इतिहास. शलमोनानंतर राज्य फुटलं. दक्षिणेत यहूदा, त्याची राजधानी यरुशलेम. उत्तरेत इस्राएल, आणि त्याची राजधानी काही काळ तिरसा. यहोशवाच्या पुस्तकात जिंकलेल्या ३१ राजांची यादी आहे, तिच्यात सर्वांत शेवटी तिरसाचा राजा येतो. पुढे ‘राजे’ या ग्रंथात हे नगर भेटतं ते रक्तातच. बाशानं इथून २४ वर्षं राज्य केलं. त्याचा मुलगा एला इथे कारभाऱ्याच्या घरी दारू पिऊन पडला असताना जिम्रीनं त्याला मारलं. जिम्रीचं राज्य किती दिवस? सात! अम्रीनं वेढा घातला तेव्हा जिम्रीनं राजवाड्याला आग लावली आणि त्या आगीतच तो मेला. अम्री सहा वर्षं तिरसात राहिला, मग दोन किक्कार चांदी मोजून त्यानं शोमरोनची टेकडी विकत घेतली आणि राजधानी तिकडे नेली. तिरसाची गादी गेली ती कायमची.

आज ही जागा बहुतेक अभ्यासक नाब्लुसच्या ईशान्येला, तेल अल-फाराह या टेकाडावर मानतात. रोलां द व्हो या फ्रेंच धर्मगुरू-संशोधकानं १९४६ ते १९६० या काळात तिथे उत्खनन केलं. एक मोठी इमारत अर्धवट सोडलेली सापडली. द व्हो यांनी तिचा संबंध अम्रीच्या स्थलांतराशी जोडला. (नगरकरांना लगेच आपली फराहबाग आठवेल. पण तो फराह वेगळा, हा वेगळा. अरबीत दोन्हींची अक्षरंसुद्धा निराळी आहेत. नुसत्या ध्वनीवरून नातं लावायचं नाही.)

आता समीक्षेचा प्रश्न. इतकं रक्त सांडलेलं नगर कवीनं सौंदर्याच्या उपमेला का घेतलं? याची दोन उत्तरं नेहमी दिली जातात.

पहिलं असं, की तिरसा राजधानी असतानाच, म्हणजे शोमरोन वसण्याआधी, हे काव्य रचलं गेलं असणार. हे मला पटत नाही. आपण आजही ‘सोन्याची लंका’ म्हणतो. त्यावरून बोलणाऱ्याचा काळ ठरत नाही. उपमेतली नगरं राजवटींपेक्षा जास्त जगतात.

दुसरं उत्तर असं, की हा नुसता शब्दाचा खेळ आहे. ‘तिरसा’ हे नाव ज्या हिब्रू धातूशी जोडतात त्याचा अर्थ आवडणं, मनाला भावणं. म्हणून प्राचीन ग्रीक भाषांतरकारांनी नगराचं नाव काढून तिथे प्रसन्नतेचा शब्द घातला. जेरोमच्या लॅटिन भाषांतरातही नगर गेलं, ‘मधुर’ अशा अर्थाचं विशेषण आलं. शब्दखेळ आहे, हे मान्य. पण तेवढाच असता तर शेजारी यरुशलेम कशाला हवं होतं? तिरसा आणि यरुशलेम या एकमेकींशी लढलेल्या दोन राज्यांच्या राजधान्या. कवी त्यांना एका वाक्यात शेजारी बसवतो, आणि हरलेलीचं नाव आधी घेतो. नाव काढून अर्थ ठेवला की ही जोडीच मोडते. एक विशेषण आणि एक शहर उरतं.

मला वाटतं, कवीला तिरसाचा इतिहास माहीत होता. म्हणून तर तिसरी उपमा फौजेची आहे, आणि लगेच पुढच्या वचनात तो प्रेयसीला नजर वळवायला सांगतो. त्याला ती सोसत नाही. हे सौंदर्य गोड-गोड नाही, त्यात धाक आहे. बखर लिहिणाऱ्यानं तिरसाचे खून मोजले. कवीनं त्याच नगराबद्दल दुसरी साक्ष दिली : ते सुंदर होतं.

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. याच नगरची तुलना एकेकाळी कैरो आणि बगदादशी केली जायची. आणि याच निजामशाहीत १५८८ साली मुर्तजा निजामशहाला त्याच्याच मुलानं हमामखान्यात कोंडून मारलं. तो मुलगाही वर्षाच्या आत मारला गेला. दोन्ही गोष्टी एकाच शहराच्या. शेवगावच्या पलीकडे गोदावरी ओलांडली की पैठण. सातवाहनांची राजधानी. त्यांची गादी जाऊन शतकं लोटली. पण लग्नाच्या बस्त्यात ‘पैठणी’ म्हणताना आपण एका जुन्या राजधानीचंच नाव घेत असतो. कुणी म्हणालं, ‘पैठणी’ हा शब्द काढा आणि ‘सुंदर रेशमी साडी’ लिहा, अर्थ तोच आहे, तर चालेल? ग्रीक आणि लॅटिन भाषांतरांनी तिरसाचं केलं ते हेच.

म्हणून मराठी बायबलमध्ये ‘तिरसा’ हे नाव राहिलं, हे बरोबरच झालं. मात्र नुसतं नाव ठेवून भागत नाही. तळटीपेत दोन ओळी हव्यात : ही उत्तरेची जुनी राजधानी, आणि नावाचा अर्थ मनाला भावणारी. आजच्या वाचकाच्या हातात तेवढं दिलं तर उपमा पुन्हा चालायला लागते.

घरी गेल्यावर एक करा. आधी ‘१ राजे’चा सोळावा अध्याय वाचा आणि लगेच ‘गीतरत्न’चा सहावा. उलट क्रमानं नको. आता प्रश्न घेऊ या.