‘क्लोन’ या संज्ञेची चिकित्सा

संगणक-व्यवसायाच्या इतिहासात ‘क्लोन’ ही संज्ञा सर्रास योजली जाते व मराठीत तिचा अनुवाद बहुधा ‘नक्कल’ असा केला जातो. या एका शब्दाखाली दोन भिन्न संबंध झाकले जातात आणि त्यामुळे व्यावसायिक अपयशाची मीमांसाच चुकते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पहिला संबंध आय.बी.एम.च्या पर्सनल कॉम्प्युटरचा. हे यंत्र १९८१ साली आले. त्याचे बहुतेक सुटे भाग बाजारात कोणासही मिळत; शिवाय त्याची कार्यप्रणाली इतर निर्मात्यांस विकण्याचा हक्क मायक्रोसॉफ्टने स्वतःकडे राखला होता. आय.बी.एम.ची खास मालमत्ता म्हणून मुख्यतः उरली ती बायोस ही आज्ञावली. कॉम्पॅक कंपनीने मूळ संहितेची उचल न करता तेच कार्य करणारी स्वतंत्र संहिता रचली आणि १९८३ पासून आपली यंत्रे विकली. तिला आय.बी.एम.च्या अनुज्ञेची गरज नव्हती; आणि कार्यप्रणाली पुरविणाऱ्याचे हित तर यंत्रांचा खप वाढण्यातच होते.

दुसरा संबंध ॲपलच्या मॅकिंटॉशचा. येथे यंत्राचा व कार्यप्रणालीचा धनी एकच. १९९५ पासून पॉवर कॉम्प्युटिंग, रेडियस, युमॅक्स, मोटोरोला इत्यादी कंपन्यांनी ॲपलच्या परवान्याने मॅकिंटॉश-जातीची यंत्रे काढली. कार्यप्रणालीचा प्रसार व्हावा, हा परवाने देण्यामागील हेतू. परंतु पॉवर कॉम्प्युटिंगची वेगवान व स्वस्त यंत्रे ॲपलचेच गिऱ्हाईक ओढू लागली.

पुढे जे घडले ते भाषेच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावे. परवाने ‘सिस्टिम ७’ या पिढीपुरते होते. ७.७ या क्रमांकाने योजलेली आवृत्ती जुलै १९९७ मध्ये ‘मॅक ओएस ८’ या नावाने प्रसिद्ध झाली. नामांतर होताच ती जुन्या परवान्यांच्या कक्षेबाहेर गेली. सप्टेंबरात ॲपलने पॉवर कॉम्प्युटिंगचा परवाना व प्रमुख मालमत्ता १० कोटी डॉलर मूल्याच्या समभागांच्या मोबदल्यात ताब्यात घेतली. मोटोरोलानेही त्याच वर्षी हा व्यवसाय सोडला.

ॲपल स्वतःच त्या काळी मोठ्या तोट्यात होती, तेव्हा तिने दुसरे काय करावयाचे, असा आक्षेप येथे संभवतो. तो रास्त आहे. पण त्याने आमचेच म्हणणे दृढ होते: परवाना देणारा व प्रतिस्पर्धी एकच असेल, तर त्याच्या अडचणीच्या दिवशी पहिला घाव परवानाधारकावर पडतो. नक्कल करणारे टिकत नाहीत, हे सामान्य विधान मात्र साफ कोसळते. विनापरवाना कॉम्पॅक भरभराटीस आली. परवाना घेतलेले बुडाले.

‘क्लोन’ हा शब्द ‘डहाळी’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. मराठीत त्याच्या जवळचा ‘कलम’ हा शब्द झाडाचाही आहे व करारनाम्याचाही. कॉम्पॅकच्या यंत्रास ‘सुसंगत’ म्हणावे. ‘कलमी’ म्हणावयाचे ते पॉवर कॉम्प्युटिंगच्या यंत्रास, कारण ते दुसऱ्याच्या मुळावर वाढले होते. ‘नक्कल’ हा शब्द दोहोंसही लागू पडत नाही. यापुढे या विषयावर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने यंत्र कोणासारखे दिसते हे पाहण्यापूर्वी त्याचे मूळ कोणाच्या आवारात आहे, हे पाहावे.