ब्रिस्टलचा तक्ता : काय सांगतो, काय सांगत नाही

पचनसंस्थेचा पाठ शिकवताना आपण घासापासून सुरुवात करतो. लाळ, जठररस, पित्तरस, स्वादुरस, लहान आतड्यातील शोषण असे सारे टप्पे सविस्तर सांगतो. मग ‘न पचलेले अन्न गुदद्वारावाटे बाहेर टाकले जाते’ या एका वाक्यात पाठ संपतो. वर्गात हशा पिकू नये म्हणून ते वाक्यही जरा घाईनेच उरकले जाते. ही उणीव भरून काढायला एक तक्ता हाताशी आहे. दवाखान्यांत, आरोग्यविषयक पुस्तकांत आणि आता मोबाइलवरही दिसणारा हा ‘ब्रिस्टल तक्ता’ वर्गात आणण्यापूर्वी त्याची पारख करून घेणे बरे.

तक्त्यात मळाचे सात प्रकार चित्रांसह दिलेले असतात. पहिला प्रकार म्हणजे सुट्या, कठीण गोळ्या. आपण त्यांना सरळ ‘लेंड्या’ म्हणतो. दुसरा गाठाळ, तिसरा भेगा पडलेला, चौथा गुळगुळीत व मऊ. पाचव्यात मऊ, सुटे गोळे असतात, सहाव्यात कडा विरलेला लगदा आणि सातव्यात निव्वळ पाणी. मूळ इंग्रजी वर्णनात दुसऱ्या ते चौथ्या प्रकारांना सॉसेजची उपमा आहे. गोव्याचा चोरीस पाहिलेले विद्यार्थी सोडले तर इतरांना ती कळणार नाही. तेव्हा मराठी तक्ता करायचा असेल तर उपमाही आपल्याच घ्याव्यात.

हा तक्ता ब्रिस्टल येथील लुईस आणि हीटन या डॉक्टरांनी १९९७ साली मांडलेल्या अभ्यासामुळे प्रसिद्ध झाला. अन्न तोंडातून गुदद्वारापर्यंत पोचायला किती वेळ लागतो, हे क्ष-किरणात दिसणाऱ्या बारीक गोळ्या गिळायला देऊन मोजता येते; पण प्रत्येक रुग्णावर हा खटाटोप कोण करणार? नुसत्या मळाच्या रूपावरून त्या वेळेचा अंदाज बांधता येईल का, हा त्यांचा प्रश्न होता.

हा प्रश्न सयुक्तिक होता. प्यायलेले पाणी आणि पाचकरस मिळून दिवसाला सुमारे ९ लिटर द्रव लहान आतड्यात येतो. त्यातला बहुतेक तिथेच शोषला जातो. एक-दीड लिटर मोठ्या आतड्यात पोचतो आणि शेवटी मळावाटे जेमतेम १००-२०० मिलिलिटर बाहेर पडतो. मळ मोठ्या आतड्यात जितका जास्त रेंगाळेल, तितके पाणी अधिक शोषले जाणार व तो अधिक कठीण होणार. म्हणजे लेंड्या हे रेंगाळण्याचे लक्षण आणि पाणी हे घाईचे.

६६ स्वयंसेवकांवर केलेल्या मोजणीत मळाचे रूप व लागणारा वेळ यांचा सहसंबंध -०.५४ इतका आला. शौचाला किती वेळा जावे लागते किंवा मळाचे वजन किती, यांपेक्षा हा संबंध अधिक चांगला होता. या बाबतीत तक्त्याला श्रेय दिलेच पाहिजे. लाजेमुळे ज्या गोष्टीचे धड वर्णनही कोणी करत नाही, तिच्यासाठी त्याने डॉक्टर व रुग्ण यांना एक सामाईक भाषा दिली.

मात्र -०.५४ या आकड्यापाशी वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी थोडे थांबावे. संबंध अगदी पक्का असता तर आकडा -१ आला असता. ०.५४ चा वर्ग सुमारे ०.२९ येतो. याचा अर्थ असा की, माणसामाणसांतील वेळेच्या फरकाचा तीस टक्क्यांहूनही कमी भाग मळाच्या रूपाशी जुळतो. समूहासाठी हे साधन उपयोगी आहे, पण एका माणसाच्या एका दिवसाच्या निरीक्षणावरून निदान करण्याइतके ते नेमके नाही.

आता खरी तक्रार. वेळ मोजायला केलेल्या या तक्त्याची लोकांनी गुणपत्रिका करून टाकली आहे. चौथा प्रकार म्हणजे पैकीच्या पैकी गुण आणि बाकीचे कमी-अधिक नापास! हे किती फसवे आहे ते त्याच अभ्यासातून दिसते. वेळ बदलली की रूप बदलते का, हे पाहण्यासाठी काही स्वयंसेवकांना सेन्ना दिले होते. सेन्ना म्हणजे आपली सोनामुखी, पोट साफ होण्याच्या कित्येक चूर्णांत असते तीच. तिने वेळ कमी झाला व मळ मऊ झाला. चूर्ण घेऊन जर ‘उत्तम’ शेरा मिळवता येत असेल, तर तो शेरा आरोग्याचा कसा मानायचा?

आपल्याकडे ‘पोट साफ झालं का?’ हा तर कुशल विचारण्याचाच एक प्रकार आहे. त्यामागे, रोज सकाळी ठरल्या वेळी शौचाला झालेच पाहिजे, नाहीतर पोटात घाण साठते, ही समजूत असते. हीटन व सहकाऱ्यांनी १९९२ साली ब्रिस्टलमधील ८३८ पुरुष आणि १०५९ स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. दर २४ तासांनी एकदा असा नेम फक्त ४० टक्के पुरुष व ३३ टक्के स्त्रियांत आढळला. म्हणजे ज्याला आपण नियम समजतो, तो तिथल्या बहुसंख्यांना लागूच नव्हता. आकडे इंग्लंडचे आहेत, आपला आहार वेगळा आहे. तरी ‘सर्वांना एकच घड्याळ’ ही कल्पना त्यांनी नक्कीच मोडीत काढली.

तक्त्यातली सर्वांत मोठी उणीव मात्र वेगळीच आहे. त्यात आकार आहे, रंग नाही. मळाचा तपकिरी रंग जुन्या तांबड्या पेशींच्या विघटनातून, पित्तरसामार्फत येतो. पित्ताची वाट अडली तर मळ मातकट-पांढुरका होतो. जठरात रक्तस्राव झाला तर तो डांबरासारखा काळा व चिकट होतो. गुळगुळीत, मऊ, ‘चौथ्या’ प्रकारच्या मळातही रक्त असू शकते आणि ते दिसले तर डॉक्टरांकडे जायलाच हवे. अर्थात रंगही जपून वाचावा लागतो. बीट खाल्ल्याने लाल रंग येतो. शाळेत दर आठवड्याला लोहाची गोळी देतात, तिनेही मळ काळपट होतो. ही गोष्ट मुलांना आधी सांगून ठेवली, तर भीतीने गोळी फेकून देणे टळेल.

रंगाचा तक्ता काय करू शकतो, हे तैवानने दाखवले. काही नवजात बालकांत यकृताबाहेरच्या पित्तनलिका बंद होत जातात. जन्मानंतर साधारण साठ दिवसांच्या आत कासाई शस्त्रक्रिया झाली तर ती सफल होण्याची शक्यता अधिक असते. पण पहिल्या आठवड्यांतली कावीळ ‘होतेच बाळांना’ म्हणून दुर्लक्षिली जाते. २००४ पासून तैवानात प्रत्येक बाळाच्या आरोग्यपुस्तिकेत मळाच्या रंगांचे एक कार्ड असते. फिकट रंग दिसला की काय करायचे, हेही त्यावर लिहिलेले असते. त्यानंतर वेळेत शस्त्रक्रिया होणाऱ्या बालकांचे प्रमाण वाढले.

दोन्ही तक्ते शेजारी ठेवले की फरक उमगतो. एक विचारतो, ‘मळ आतड्यात किती रेंगाळला?’ दुसरा विचारतो, ‘पित्त आतड्यात पोचते आहे का?’ दोघेही आपापल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्यापैकी देतात. ‘माझे पचन निरोगी आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर कोणताच देत नाही. आणि आपल्या पाठातले शेवटचे वाक्य? तेही अपुरेच. मळाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पाणी असतो आणि उरलेल्या घन भागात मोठा वाटा जिवाणूंचा असतो. त्याला केवळ ‘न पचलेले अन्न’ म्हणणे बरोबर नाही.

वर्गात हा तक्ता जरूर लावावा, पण वर ‘हा तक्ता वेळ सांगतो’ असे ठळक लिहून. सोबत एक सोपा प्रयोग सुचवता येईल. मक्याचे कणीस खाल्ल्याची वेळ विद्यार्थ्यांनी टिपून ठेवावी. दाण्यांची साले पचत नाहीत, त्यामुळे ती मळात पहिल्यांदा केव्हा दिसली हेही टिपावे. तीन-चारदा करून पाहिले की, एकाच माणसात हा वेळ किती बदलतो ते समजेल. ज्याला सांगायचे नसेल त्याने वही आपल्यापाशीच ठेवावी. निरीक्षण करण्याची आणि त्यातून किती अर्थ काढायचा हे ठरवण्याची सवय लागली, तरी पाठाचे चीज झाले.