एकदा विकलेली प्रत : प्रताधिकार अधिनियमाच्या चौदाव्या कलमाची चिकित्सा

नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाची स्थापना १८४० साली झाली. तेथील ग्रंथांच्या देवघेवीस प्रत्येक वेळी लेखकाची अनुज्ञा घ्यावी लागत नाही, ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिचे कारण विचारण्याची कोणास गरज भासत नाही. वर्ष संपल्यावर आपली क्रमिक पुस्तके जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यास देणारा विद्यार्थीही प्रकाशकास विचारावयास जात नाही. या मोकळिकीचे मूळ कायद्यात आहे. १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमाचे १४ वे कलम वाङ्मयकृतीच्या प्रती लोकांपुढे आणण्याचा अधिकार कर्त्याकडे ठेवते, परंतु पूर्वीच प्रसृत झालेल्या प्रती त्यातून वगळते. आणि एकदा विकलेली प्रत प्रसृत झालीच असे समजावे, असे त्याच कलमाचे स्पष्टीकरण सांगते.

संगणकाच्या आज्ञावलीस, म्हणजे व्यवहारातील सॉफ्टवेअरला, १९८४ च्या दुरुस्तीने वाङ्मयकृतींच्या पंक्तीस बसविले. पंक्ती तीच, वाढप मात्र निराळे. १९९४ च्या दुरुस्तीने आज्ञावलीसाठी स्वतंत्र उपखंड घातला आणि तिची कोणतीही प्रत विकण्याचा किंवा भाड्याने देण्याचा अधिकार, ती प्रत पूर्वी विकली गेली असो वा नसो, प्रताधिकारधारकाकडे दिला. याचा अर्थ निःसंदिग्ध होता. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखानदाराने आराखडे काढण्याची आज्ञावली रोख दाम मोजून घेतली आणि धंदा आवरताना ती मूळ तबकडीसह शेजाऱ्यास विकली, तर तो प्रताधिकाराचा भंग ठरला असता.

१९९९ साली संसदेने हा उपखंड नव्याने लिहिला. ‘भाड्या’च्या जागी ‘वाणिज्यिक भाडे’ आले, त्यास एक परंतुक जोडले गेले, आणि पूर्वी विकली गेली असो वा नसो हे शब्द गळाले. ‘कोणतीही प्रत’ हे शब्द मात्र राहिले. वादाचे सारे मूळ या गळतीत आहे. एक पक्ष म्हणतो, ‘कोणतीही’ या शब्दात विकलेली प्रतही येतेच, तेव्हा गाळलेले शब्द अनावश्यक म्हणून गाळले. दुसरा पक्ष म्हणतो, विधिमंडळ शब्द घालते ते अर्थासाठी आणि काढते तेही अर्थासाठी. जो शब्दसमूह पुनर्विक्रीवरील बंधनाचा एकमेव स्पष्ट आधार होता, तो काढल्यावर बंधन तसेच राहिले असे म्हणता येणार नाही. आम्हांस दुसरा पक्ष ग्राह्य वाटतो. परंतु केवळ गळालेल्या शब्दांच्या बळावर नव्हे. त्याहून सबळ पुरावा नव्या परंतुकात आहे आणि त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही.

परंतुक सांगते की, जेथे भाड्याने देण्याचा मुख्य विषय आज्ञावली नसून दुसरीच वस्तू आहे, तेथे वाणिज्यिक भाड्याचा हा अधिकार लागू नाही. हे शब्द जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदाविषयक कराराच्या ११ व्या अनुच्छेदावरून आले आहेत. परंतुकाची सवलत भाड्यापुरती आहे. विक्रीचा त्यात उल्लेख नाही. आता सातपूरच्या कारखान्यातील सीएनसी लेथ डोळ्यांपुढे आणावा. त्याच्या नियंत्रकात आज्ञावली असतेच. तिच्यावाचून ते यंत्र म्हणजे लोखंडाचा ढीग. पहिल्या पक्षाचा अर्थ खरा मानला तर हा लेथ भाड्याने देणे निर्वेध, कारण परंतुक पाठीशी आहे. पण तोच लेथ जुना झाल्यावर विकणे हा प्रताधिकाराचा भंग, कारण यंत्राबरोबर आज्ञावलीची प्रतही विकली जाते आणि विक्रीस परंतुक नाही. असा परिणाम संसदेस अभिप्रेत होता असे कोण म्हणेल? ‘विकणे’ याचा अर्थ त्या प्रतीची पहिली विक्री एवढाच घेतला, तर ही विसंगती उरत नाही आणि विक्रीस परंतुक का नाही याचाही उलगडा होतो.

या अर्थासही एक अडचण आहे आणि ती झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. भाड्याचा अधिकार प्रत विकल्यानंतरही टिकावा यासाठीच तो निर्माण झाला. म्हणजे ‘कोणतीही प्रत’ हे एकच शब्द भाड्याच्या बाबतीत विकलेल्या प्रतींना लागू करावयाचे आणि विक्रीच्या बाबतीत न विकलेल्या प्रतींपुरते आवरावयाचे. एका वाक्यातील एका शब्दास दोन मापे लावणे व्याकरणास रुचणारे नाही. हा दोष रचनाकारांचा आहे. विक्री आणि भाडे यांचे दोन उपखंड करणे त्यांना अवघड नव्हते.

न्यायालयांनी या प्रश्नास स्पर्श केला तो करांच्या वाटेने. मुंबईच्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने आंध्र प्रदेश राज्याविरुद्ध चालविलेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ नोव्हेंबर २००४ रोजी असा निर्णय दिला की, तयार स्वरूपात विकली जाणारी आज्ञावली हा विक्रीकराच्या दृष्टीने ‘माल’ होय. गंमत अशी की राज्यास कर हवा असतो तेव्हा जी वस्तू माल असते, तीच ग्राहकाने विकावयास काढली की निर्मात्याच्या लेखी नुसता परवाना होते.

२ मार्च २०२१ रोजी इंजिनिअरिंग ॲनालिसिस सेंटर ऑफ एक्सलन्स या कंपनीच्या प्रकरणात न्यायमूर्ती नरिमन, हेमंत गुप्ता व गवई यांच्या पीठाने अधिक खोलात जाऊन विचार केला. परदेशी निर्मात्यास दिलेली किंमत ही प्रताधिकाराच्या वापराबद्दलचे स्वामित्वशुल्क आहे काय, हा तेथील प्रश्न होता. प्रतीचे स्वामित्व निराळे आणि प्रताधिकार निराळा, हा भेद न्यायालयाने स्वच्छ मांडला. आणि १४ व्या कलमाच्या या उपखंडाचा रोख नव्या प्रती काढून त्या विकण्यावर आहे, असा त्याचा अर्थ लावला. हे विवेचन आम्हांस समाधानकारक वाटते. तथापि एका ठिकाणी ते थांबते. ग्राहकाच्या हाती प्रताधिकाराचा अंशही जात नाही हे दाखविताना न्यायालयाने करारांतील ‘अहस्तांतरणीय’ यासारख्या अटींचा आधार घेतला. करनिर्णयास त्या उपयोगी पडल्या. पण त्याच अटी जुन्या प्रतीच्या विक्रेत्याच्या आड येतात, आणि त्यांचे बळ किती हे ठरविण्याचा प्रसंग त्या खटल्यात नव्हता. म्हणून या निर्णयाने पुनर्विक्री कायदेशीर ठरली असे सरसकट विधान करणे धाडसाचे होईल. कराराचा भंग आणि प्रताधिकाराचा भंग यांत अंतर आहे, एवढे मात्र नक्की. पहिल्याचा उपाय नुकसानभरपाई. दुसऱ्यात कारावासही संभवतो.

परदेशांतही एकवाक्यता नाही. अमेरिकेत ऑटोकॅडच्या जुन्या प्रती विकणाऱ्या एका गृहस्थाविरुद्ध तेथील नवव्या विभागाच्या अपील न्यायालयाने २०१० साली निर्णय दिला. मूळ ग्राहक हा मालक नसून परवानाधारकच होता, असे कारण दिले. उलट युरोपीय संघाच्या न्यायालयाने ३ जुलै २०१२ रोजी यूज्डसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल या प्रकरणात म्हटले की, किंमत घेऊन मुदतीवाचून वापराचा अधिकार दिला की ती विक्रीच होय, मग प्रत तबकडीवर मिळो वा इंटरनेटवरून उतरविलेली असो. विकणाऱ्याने मात्र आपली प्रत निरुपयोगी करावी.

आज्ञावली वापरण्यासाठी संगणकात तिची नक्कल करावीच लागते. तेव्हा दुसऱ्या ग्राहकास ती करता येईल काय? आपल्या अधिनियमाचे ५२ वे कलम ही मुभा प्रतीच्या ‘कायदेशीर कबजेदारा’स देते. परवानाधारकास नव्हे, पहिल्या ग्राहकासही नव्हे. हा शब्दप्रयोग सहेतुक असेल तर जुनी प्रत रीतसर घेणाऱ्याची बाजू वाटते तितकी दुबळी नाही. मूळ तबकडी व कागदपत्रे हाती देऊन आपल्या संगणकावरील प्रत पुसून टाकणाऱ्या अंबडच्या कारखानदाराने प्रताधिकाराचा भंग केला, असे आमच्या मते म्हणता येणार नाही. करारातील अटीचे उत्तर त्यास निराळे द्यावे लागेल.

दरम्यान व्यापाराने आपली वाट बदलली आहे. ऑटोकॅडच्या निर्मात्यांनी २०१६ साली कायमच्या परवान्यांची नवी विक्री थांबवून वर्गणीची पद्धत स्वीकारली. जेथे प्रत विकलीच जात नाही तेथे पुनर्विक्रीचा प्रश्नही उद्भवत नाही. यंत्राच्या पोटातील आज्ञावली मात्र यंत्राबरोबर हात बदलीत राहणारच. १४ व्या कलमातील त्या उपखंडाची खरी कसोटी लागली, तर ती तबकडीवरून नव्हे, सातपूरच्या एखाद्या जुन्या लेथवरून लागण्याचा संभव अधिक.